आई पाण्यात उतरली
क्लोरीनचा वास आला की मला मुलुंडच्या तरणतलावावरची एक सकाळ आठवते. मी सातवीत होते. शाळांच्या स्पर्धेत शेवटून दुसरी आले आणि आता पोहायला जाणार नाही, असं आईला सांगून टाकलं. ती म्हणाली, "हरलीस म्हणून सोडू नकोस. रोज गेलीस की जमेल." मी चिडले. "बाकावर बसून सांगायला सोपं आहे. तू उतर ना पाण्यात!" आईला पाण्याची एवढी भीती, की गणपती विसर्जनालाही ती काठापासून लांब उभी राहायची. पण पुढच्याच आठवड्यात तिने बायकांच्या बॅचला नाव घातलं. मी मुद्दाम बघायला गेले. नव्या कॉस्च्युममध्ये ती आखडून उभी होती, कडेचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून, आणि शिकवणाऱ्या बाई ओरडत होत्या, "ताई, हात सोडा!" तिने शेवटपर्यंत सोडले नाहीत. नंतर ती केस पुसत असताना मी विचारलं, "आई, जमतच नाही तर कशाला येतेस गं?" ती म्हणाली, "यायचं ठरवलं होतं, आले. हात आज नाही सुटले, उद्या बघू. तुझं तू ठरव." दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरून तिच्या मागोमाग निघाले. पुढे मला पदकं मिळाली. कॉलेज संपलं तसं पोहणं सुटलं. आईला खोल पाण्यात जायला अजून जमत नाही, पण साठी उलटली तरी आज सकाळीसुद्धा ती पोहून आली.