बस्ता घ्यायला सुरतला येताय? माझ्यासारख्यापासून सांभाळा

मंडळी, लग्नसराई आहे. खान्देशातून रोज माणसं बस्ता घ्यायला इकडे येतात, म्हणून आजचं आजच लिहितोय.

मी इथे सुरतेतच लिंबायतला राहतो, एका दुकानात साड्या दाखवतो. स्टेशनवरचे रिक्षावाले 'थेट मिलचा भाव' सांगून गिऱ्हाईक आमच्याकडे आणतात आणि कमिशन घेतात. गिऱ्हाईक आपल्याकडचं निघालं की शेठ मलाच पुढे करतो.

आज दुपारी नंदुरबारकडची एक मावशी आली, सोबत तिची नवरी मुलगी. मी अहिराणीत बोललो तशी मावशी खुललीच. पॉलिस्टरची साडी हातात धरून म्हणाली, "भाऊ, तू आपला मानूस शे. खरं सांग, हाई रेशीमच शे ना?"

शेठ गल्ल्यावरून बघत होता.

"हा माय, रेशीमच शे."

मग ती दुसऱ्या दुकानात गेलीच नाही. सगळा बस्ता आमच्याकडेच घेतला. निघताना माझं नाव विचारून लग्नाच्या पत्रिकेवर लिहिलं आणि ती मला दिली. "लगीनले येजो, भाऊ."

तर रिक्षावाला नेईल त्या दुकानात जाऊ नका. काठाचा एक धागा जाळून बघा, पॉलिस्टर असेल तर वितळून त्याची गोळी होते. आणि आपली भाषा बोलतो म्हणून कुणावर भरवसा ठेवू नका.

हे सगळं मला तिथेच सांगता आलं असतं. नोकरी गेली असती, एवढंच.

पत्रिकेवर तिच्या घरचा नंबर आहे. संध्याकाळपासून तीनदा लावला, तीनदा कापला. सांगा ना कुणीतरी, तिनं उचलला तर पहिलं वाक्य काय बोलू?