खांबावरचा हात

भागोजी सुतार घरं बांधायचा कमी, खरवडायचाच जास्त. श्रीवर्धनकडचा खारा वारा लाकडाला सुखानं जगू देत नाही, त्यामुळे दर दिवाळीनंतर कुणाचे तरी खांब नि दारं त्याच्या हाती यायची. फुटक्या काचेनं जुनं पूट खरवडायचं, राखेच्या पाण्यानं धुवायचं, वाळलं की राळ घालून उकळलेलं अळशीचं तेल चोळायचं. माणूस तिरसट. कुणी घाई केली की म्हणायचा, "घाई तुला हाय, लाकडाला न्हाय."

कोळीवाड्यातलं शेवटचं घर सोनाबाईचं. तिचा एकुलता एक हिरामण मचवा घेऊन समुद्रावर गेला तो आलाच नाही. प्रेतही लागलं नाही. मागे राहिला तो दारातल्या खांबावरचा त्याच्या हाताचा काळा डाग. मचव्याला मुशी माशाचं तेल चोळून तो घरी यायचा आणि दार ठेंगणं म्हणून तेलकट हातानं खांब धरून वाकायचा. वर्षानुवर्षं तीच जागा.

भागोजीनं तो डाग दोनदा खरवडला. दोन्ही वेळा वैशाखाचं ऊन तापलं आणि नव्या तेलातून हात पुन्हा वर आला, पाचही बोटांसकट. "घरात याया बगतोय," म्हणत सोनाबाई खांबापुढे दिवा लावायची. लोक तिन्हीसांजेला त्या वाटेनं जाईनासे झाले. मीही जात नसे, उगाच शूरपणा कशाला सांगू?

यात जीव टांगणीला लागला तो हिरामणच्या बायकोचा, रंगूचा. बोर्लीचा एक विधुर तिच्याशी पाट लावायला तयार होता. पण प्रेत मिळालं नाही तर दर्भाचा पुतळा करून जाळावा लागतो, त्याशिवाय बाई मोकळी होत नाही. सोनाबाई ऐकेना. "जित्या लेकाला जाळू व्हय?" म्हणायची. पोर धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. मला त्या म्हातारीचा राग यायचा आणि तिचा दिवा बघितला की त्या रागाची लाज वाटायची.

तिसऱ्यांदा भागोजी काच घेऊन बसला तेव्हा रंगूनं पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि हळूच विचारलं, "काका, ह्यो हात असाच येत ऱ्हानार का वो?"

भागोजीनं काच खाली ठेवली. सोनाबाईला हाक मारली.

"आये, ह्यो हिरामण न्हाय. मुशीचं तेल हाय. लाकडाच्या पोटात मुरलंय, ऊन लागलं का वर येतं."

सोनाबाई खांबाला नाक लावून कितीतरी वेळ उभी राहिली.

"पन तेल त्याच्याच हातचं ना?"

"व्हय."

"मंग तेवढंच कापून दे. पुतळ्यात घाला. नुसतं गवत जाळून माजा लेक जायाचा न्हाय."

भागोजीनं पटाशीनं तेवढा तुकडा काढला आणि तिथं नवं सागवान बसवलं. किनाऱ्यावर पुतळा पेटवला. दर्भ भुर्रकन जळून गेला, तो तुकडा मात्र विझता विझेना. त्या तेलाचा वास सगळ्या कोळीवाड्यात भरला आणि करपलेल्या माशासारखा घशात बसला. शिमग्याच्या आत रंगू बोर्लीला नांदायला गेली.

आणि पुढच्या वैशाखात नव्या सागवानावर पुन्हा काळा हात उमटला.

गाव हादरलं. लाकूडच नवं, तिथं जुनं तेल कुठून येणार? तरी भागोजी बघायला गेला. डाग जरा खाली होता, बोटं आखूड. त्यानं वास घेतला तर खोबरेल. तेवढ्यात सोनाबाई केस विंचरून आली, तेलकट तळवा बरोबर त्या डागावर ठेवला आणि बाहेर बघून म्हणाली, "वाकून ये रं, डोस्कं आपटंल."

भागोजी कुणाला काही न सांगता परतला. त्यानंतर दर दिवाळीनंतर त्यानं ते घर खरवडलं, फक्त तेवढी जागा सोडून. सोनाबाई गेल्यावर त्यानं हे मला सांगितलं. मी चिडलो. गावाला इतकी वर्षं भिववत ठेवलंस, म्हटलं.

"रंगू नांदाया गेल्यावर कुनाचं अडत व्हतं त्यानं?" भागोजी म्हणाला.