तात्यांचा दम

नातवाच्या मुरगळलेल्या पायाला कापूर घातलेलं खोबरेल चोळत होतो. त्या वासासरशी मी थेट पोलादपूरच्या भात कापलेल्या शेतात जाऊन पडलो, पन्नास-साठ वर्षं मागे. हुतूतूत तेव्हा आमचा संघ असा, की कशेडीचा घाटही बाजूला सरून वाट देई. मानत नव्हते ते फक्त जुन्या संघाचे तात्या.

"आमच्या टायमाला तुम्ही नुसतं पाणी भरलं असतंत रे!"

"मग उतरा की! हाडं गोळा करायला पोतं आणतो," मी म्हणालो.

हरेल त्याने भर बाजारात दुसऱ्याचा संघ थोर म्हणायचा, असं ठरलं. पन्नाशीचे तात्या धोतर खोचून चढाईला आले. त्यांच्या एका दमात एसटी महाडला जाऊन परत आली. मी पाय धरला, कुणी कंबर. शेवटी सातही जण अंगावर पडलो, तेव्हा कुठे रेषेपासून वीतभर अलीकडे दम तुटला.

"आता म्हणा, तात्या!"

ढिगाखालून तात्या हसले. "सात लागलात? आमच्या वेळी मला धरायला दोघं पुरायचे."

हरलेल्याची बढाई, म्हणून आम्ही खिदळलो. आता टीव्हीवर सातजण एकाला दाबताना दिसले, की मी नातवाला हेच सुनावतो. फरक इतकाच, की मी सांगतो ते खरं असतं.