पहिल्या शब्दाआधी

मिलिंददादा गेल्याची बातमी मला त्याच्याच प्रोग्रॅमने सांगितली. मला दिसत नाही. मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर आलेला मजकूर हा प्रोग्रॅम मला मराठीतून वाचून दाखवतो. कळव्याच्या घरी चहा गाळता गाळता ग्रुपवरचे निरोप ऐकत होते. कुणाच्या नातवाचं बारसं, कुणाचा हरवलेला डबा, आणि त्याच सुरात, त्याच दमात, 'मिलिंद यांचे आज पहाटे हृदयविकाराने निधन'... पुढचे दोन निरोपही वाचून झाले, तरी मी गाळणी हातात धरून उभीच. त्या आवाजाचा भयंकर राग आला. जरा थांबायला काय झालं होतं मेल्याला! मग आठवलं, हा वेग मीच भांडून मागून घेतला होता.

त्याची माझी ओळख झाली तेव्हा माझी नोकरी जायच्या बेतात होती. ठाण्याच्या एका सरकारी कार्यालयात मी नवीन लागले होते. लोकांच्या तक्रारी वाचायच्या आणि ज्या त्या विभागाकडे पाठवायच्या, हे काम. साहेबांनी शेरा मारला होता, 'काम चोख, पण गती कमी.' असा आणखी एक शेरा पडला असता तर घरी बसावं लागलं असतं. खरं तर कळ दाबल्यावर आवाज येईपर्यंत मी ताटकळत असायचे. शेजारच्या टेबलांना वाटायचं, बाई विचार करतेय. प्रोग्रॅम बनवणारी मंडळी दर रविवारी डोंबिवलीत एकाच्या घरी जमतात, असं कळलं. सगळी नोकरदार, हौशी, फुकट काम करणारी. मी सरळ त्या घराची बेल वाजवली. दार मिलिंददादाने उघडलं.

हॉलमधल्या प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. एक म्हणे, मराठीत जोडाक्षरं फार, त्यांचे उच्चार तयार करण्यात वेळ जातो. दुसरा म्हणे, हिच्या ऑफिसचं मशीनच जुनाट असणार. उच्चारांवर त्यांनी कितीतरी रविवार घालवले, आणि फरक काडीचाही पडला नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! शेवटी मिलिंददादा वैतागून म्हणाला, "आता कुणीही अंधारात तीर मारायचे नाहीत. आधी मोजायचं." आणि एकदम गप्प झाला. मी म्हटलं, "मार रे, मला सवय आहे." तो बिचारा ओशाळला, आत त्याची बायको, वर्षावहिनी, मात्र मोठ्यांदा हसली.

मग त्याने मला समोर बसवलं. "ऑफिसात वाचतेस अगदी तसंच वाच. घाई नको, दिखावा नको." मी शहाडच्या कुणा काल्पनिक गृहस्थांची गटाराच्या झाकणाबद्दलची लांबलचक तक्रार रचली आणि ओळीओळीने वाचू लागले. मागे त्याने आणखी एक छोटा प्रोग्रॅम लावून दिला होता. त्याचं काम एवढंच, की माझ्या प्रोग्रॅमला सतत टोकत राहायचं, 'आत्ता काय करतोयस?' ज्या कामात तो जास्त वेळा सापडेल, तिथे वेळ जातोय. निकाल आला आणि दादा चक्रावला. "अगं, हा तर फारसं काही करतच नाहीये! उच्चार चुटकीसरशी होतायत."

बाकीच्यांनी मशीनवर खापर फोडून चहा मागितला. दादा उठला नाही. आत्तापर्यंत त्याने फक्त कामाचा वेळ मोजला होता. आता रिकामा वेळही धरून मोजायचं ठरवलं. मी पुन्हा गटाराचं झाकण वाचायला घेतलं. थोड्या वेळाने त्याचा कीबोर्ड थांबला.

"सापडलं. प्रत्येक ओळीच्या आधी हा मुद्दाम थांबतोय. त्याला तसं सांगून ठेवलंय."

"कुणी?"

"मी."

प्रोग्रॅमच्या पहिल्या आवृत्तीत त्यानेच लिहिलेली ती सूचना होती आणि तो ती साफ विसरला होता. तेव्हा न दिसणारं एकही माणूस त्याच्या ओळखीचं नव्हतं. ऐकणाऱ्याला सावरायला जरा वेळ मिळावा, असं त्याला वाटलं होतं. माझा संताप संताप झाला. "मी कधी म्हटलं मला सावरायचंय?" असं मी त्याच्याच घरात त्याला सुनावलं. कुणीतरी मध्ये पडलं, "जाऊ दे ना, चांगल्या हेतूने केलेलं त्याने." त्यावर तोच म्हणाला, "हेतू माझा होता रे, पण शेरा तिला बसला." आणि ती सूचना काढून टाकली.

दुसरा शेरा काही पडला नाही. नोकरी पक्की झाली तेव्हा मी पेढे घेऊन गेले, तर वहिनी म्हणाली, रविवारचं जेवण उशिरा का होतं तेही याने मोजून पाहिलं. निघालं असं, की हाच बाजारातून भाजी उशिरा आणतो! मला एवढा खळखळून हसलेला तो त्या दिवशीच आठवतो.

गेल्या रविवारी मंडळी पुन्हा त्याच हॉलमध्ये जमली. त्याच्यावाचून पहिल्यांदाच. नवी आवृत्ती निघायची आहे. प्रोग्रॅम सुरू होताच 'मिलिंद यांच्या पावन स्मृतीस अर्पण' असं वाक्य आधी ऐकू यावं, असा ठराव आला. कुणाला तरी हुंदका आवरेना. मी म्हटलं, "नको."

"अगं सुषमा, पाचच शब्द तर आहेत!"

"मोजा."

त्यांनी वेळ मोजला. तेवढ्या वेळात पहिली तक्रार कुठल्या विभागाची, हे मला कळून चुकतं. एकजण दुखावून म्हणाला, "तू त्याचं नाव पुसतेयस, असं वाटेल लोकांना." वाटू दे. उद्या कुणी भक्तीपोटी आणखी काही घालायला आलं, तर त्याच्याशीही मी भांडेन. मग वर्षावहिनी म्हणाली, "काढा ते. भिंतीवर फोटो आहे, तेवढा पुरे."

रोज सकाळी ठाण्याला जाते, टेबलाशी बसते. मशीन सुरू करून कळ दाबते आणि बोट उचलायच्या आत पहिला शब्द कानात येतो. त्याच्या आधी काही नसतं, ते थांबणंही नाही. माझा दादा तिथेच आहे.