चारित्र्याचा दाखला, दोन प्रतींत

हिंदी मुलखातल्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये मुलीबद्दल ती एक गोष्ट आडून आडून विचारायला ढीगभर शब्द होते, पण खुद्द त्या गोष्टीला एकही नव्हता. मराठी मंडळातल्या बायका म्हणायच्या, "मुलगी वळणाची आहे." समोरच्या घरातल्या चाची म्हणायच्या, "लड़की सीधी है." हे वाक्य माझ्याबद्दल त्या कधी म्हणाल्याचं आठवत नाही. कुणाचं काही कानावर आलं की "पाऊल वाकडं पडलं", आणि पाठोपाठ "बाईची अब्रू म्हणजे काचेचं भांडं". हे भांडं मी इतक्यांदा ऐकलं की, स्वयंपाकघरात ग्लास फुटला तरी आई आधी माझ्याकडे बघते आहे असं मला वाटायचं.

चोवीस वर्षांची असताना मी शहरात टी. टी. नगरच्या एका कॉलेजात गणित शिकवत होते. बसने एकटी जायचे, कधी उशिरा परतायचे आणि स्टाफरूममधल्या पुरुषांसमोर मोठ्याने हसायचे. त्याच वर्षी शेजारच्या काकूंनी नागपूरचं एक स्थळ आणलं. मुलगा बँकेत होता. बघायला आला तेव्हा त्याने मला विचारलं की मुलांना गणितात सगळ्यात अवघड काय जातं, आणि माझं उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलला नाही. माझी उत्तरं लांब असतात. मला तो आवडला, आणि हे मी तेव्हाही लपवलं नाही.

आठवड्याने पत्र आलं. मुलाचं नव्हे, त्याच्या आत्याचं; त्या घरात तिचाच शब्द चाले. मुलगी पसंत होती. "मात्र मुलगी नोकरीनिमित्त एकटी हिंडते, तेव्हा तिचं सगळं जागच्या जागी असल्याची खात्री वडीलधाऱ्यांनी लेखी द्यावी," असं शेवटी लिहिलं होतं. आई मोठ्याने वाचत होती ती तिथे थांबली. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

काकू म्हणाल्या, "अगं, पूछते तर सगळेच. 'आहे' म्हणून लिहून टाका नं. फालतूमध्ये चांगलं स्थळ हातचं जाईल."

मला वेगळीच धास्ती होती. आता आई एखाद्या दुपारी मला जवळ बसवणार आणि खालच्या आवाजात विचारणार. मी ठरवून टाकलं होतं की उत्तर काहीही असो, मी ते देणार नाही. आणि उत्तर दिलं नाही तर स्थळ गेलंच म्हणायचं. मला तो मुलगाही हवा होता आणि हा हट्टही सोडवत नव्हता. दोन दिवस मी घरभर भांडी आपटत फिरले.

बाबांनी मात्र पहिल्याच दिवशी पत्र घेतलं, वरच्या कोपऱ्यात 'प्राप्त' लिहिलं, तारीख घातली आणि खिशात ठेवलं. कारखान्याच्या आस्थापना विभागात त्यांची हयात गेली होती. जगातल्या प्रत्येक प्रश्नाला एक कागद असतो, असा त्यांचा पक्का विश्वास होता.

तिसऱ्या दिवशी ते तो कागद घेऊन आले. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या त्यांच्या साहेबांची सही, गोल शिक्का आणि ऑफिसात टाइप केलेला हिंदी मजकूर: "प्रमाणित किया जाता है कि मैं इन्हें पिछले ग्यारह वर्षों से जानता हूँ। इनका आचरण एवं चरित्र उत्तम है।" चारित्र्याचा दाखला! असाच त्यांनी माझ्या कॉलेज प्रवेशाच्या वेळीही आणला होता.

आईने कपाळावर हात मारला. "अहो, त्यांना हे नकोय!"

"लेखी मागितलंय. लेखी देतोय."

"पण त्या साहेबांना काय माहीत?"

"जेवढं परक्याला माहीत असायला हवं, तेवढं त्यांना माहीत आहे," बाबा म्हणाले आणि सोबतचं पत्र लिहायला बसले. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं: "मुलगाही नोकरीनिमित्त एकटा हिंडतो असे समजते. तरी त्याचेही प्रमाणपत्र दोन प्रतींत पाठवावे." आणि हे रजिस्टर पोस्टाने गेलं.

टायपिस्टच्या पोटात काही राहत नसे. दुसऱ्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत साऱ्या टाउनशिपला कळलं. बसस्टॉपवर चाचींनी हसत विचारलं, "क्यों बिटिया, सर्टिफिकेट बन गया?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी येऊन मी बाबांना म्हटलं की हे हात दाखवून अवलक्षण आहे, आणि त्यांच्याशी बोलणं टाकलं. ते शांतपणे वर्तमानपत्र वाचत राहिले, त्याने मी आणखीच भडकले.

बारा दिवसांनी नागपूरहून रजिस्टर पाकीट आलं. आत बँकेच्या मॅनेजरचा दाखला होता, दोन प्रतींत. सोबत मुलाच्या अक्षरात चिठ्ठी: "मॅनेजरसाहेब मला सातच महिने ओळखतात. त्याआधीची हमी घ्यायला ते तयार नाहीत. आत्याने काय लिहिलं ते मला उशिरा कळलं. मी विचारलं नसतं."

मी इतकी हसले की काकू काय झालं म्हणून धावत आल्या. आईही पदर तोंडाला लावून हसत होती. संध्याकाळपर्यंत माझा होकार नागपूरला कळवून झाला होता.

बाबा व्हरांड्यात बसून त्या दाखल्याला पंचिंग मशीनने भोकं पाडत होते. मी शेजारी जाऊन बसले. बारा दिवसांत प्रथमच.

"बाबा, त्यांना काय विचारायचं होतं ते तुम्हांला कळलं होतं ना?"

"मी काय दूधखुळा आहे?"

"मग?"

"मग काय? त्यांना उत्तर द्यायचं म्हणजे आधी तुला विचारावं लागलं असतं." त्यांनी कागद फाइलीत नीट बसवला. "ते मला करायचं नव्हतं."

मला रडू फुटलं. त्यांनी घाईघाईने फाइल बाजूला सरकवली, कागद भिजेल म्हणून. पुढे जन्मभर त्यांनी मला ते कधी विचारलं नाही. नवऱ्यानेही नाही. त्यामुळे ते उत्तर आजही माझ्याकडेच आहे.