रोझरीवरचा निकाल

बहारीनमध्ये सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमचा रविवारही शुक्रवारीच येतो. मआमीरहून सगळ्यांना आपापल्या चर्चला सोडणाऱ्या व्हॅनमध्ये वसईचे एक कॅथलिक काका माझ्या शेजारी बसतात. नावं आम्ही एकमेकांना विचारलेली नाहीत. मी नगरचा प्रोटेस्टंट, एवढी ओळख त्यांना पुरते.

गावाकडे त्यांचा उमेदवार पडल्यापासून काका रोझरीचा एकेक मणी सरकवत एकेका प्रोटेस्टंट चर्चच्या नावाने बोटं मोडतात. मणी संपतात, चर्च उरतात.

"तुम्ही लोकांनी मतं फोडलीत, खलास! आमचं एक मत इकडचं तिकडे झालं नाही."

मी नगरचा, राहतो बहारीनला आणि मतं फोडली वसईत. माझं कर्तृत्व मलाच नवीन होतं.

परवा न राहवून विचारलं, "काका, तुम्ही मतदानाला गेला होता?"

"लीव्ह कोण देतो? आल्यापासून एकदाही नाही." मग त्यांनी छाती पुढे काढली. "पण सांगा, माझं मत कधी चुकीच्या माणसाला गेलंय?"

हे मात्र खरं होतं. मी हात जोडले. काकांनी समाधानाने पुढचा मणी धरला. आता पाळी माझ्या चर्चची होती.