समुद्राकडे तोंड करून केलेली खरेदी

प्राचीन ग्रीक लोकांवर माझा राग आहे. माझी चाळीस वर्षांची अब्रू मालवणच्या बंदरावर एका संध्याकाळी गेली, ती त्यांच्यामुळे.

काजूच्या एका पोत्यावर मी धंदा सुरू केला. आज मालवणजवळच्या कट्टा गावात स्वतःचं दुकान आहे आणि ते घासाघिशीवर उभं आहे. मुलीने मात्र लग्न केलं पुण्याच्या एका प्राचीन ग्रीसच्या अभ्यासकाशी. पहिल्यांदा घरी आले तेव्हा जावईबापू चहा पिता पिता म्हणाले, "बाबा, अथेन्सचे लोक मासळीसाठी वेडे होते. त्यांच्या एका नाटकात कायदा येतो, मासेविक्याने सांगितलेला भाव उतरवला तर त्याला तुरुंग."

घासाघिशीला तुरुंग! त्याच क्षणी त्या देशातून माझं मन उठलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचं पहिलं जेवण. बायकोने बजावलं, "मोठी सुरमय हाडा, नायतर घराक येव नकात."

जावयांना घेऊन मी संध्याकाळच्या लिलावाला गेलो. (पुण्याची भाषा ऐकली की मासळी आपोआप महागते, म्हणून त्यांना लांब बर्फाच्या खोक्यांपाशी बायकांत उभं केलं आणि माशाचं नाव काढू नका म्हणून सांगितलं.) माझी पद्धत साऱ्या बंदराला ठाऊक आहे. मी मासळीकडे पाठ करून समुद्राकडे बघत राहतो. चेहऱ्यावर गरज दिसली की भाव चढतो. बाकीचे हात वर करून बोली लावतात; मी नुसता कान खाजवला की लिलाव करणारी सुलूबाय माझी बोली धरते.

सुरमई पुढ्यात आली. मी कान खाजवला. मागून कुणीतरी भाव चढवला. पुन्हा खाजवला, पुन्हा चढवला. कान लाल झाला, त्यामागोमाग डोकंही तापलं.

"कोण रे तो मेलो चढवता?" मी समुद्रालाच विचारलं. "जल्मात सुरमय बघूक नाय काय?"

मागे सगळे हसले. मला वाटलं, लोक माझ्या बाजूने आहेत. वळून बघणं म्हणजे कमीपणा, म्हणून मी कान सोडलाच नाही. अखेर सुलूबाय ओरडली, "शेट, सुरमय तुमची! आता तरी वळा."

मी विजयी मुद्रेने वळलो. खोक्यांपाशी जावईबापू, हात वर.

"बाबा," ते निरागसपणे म्हणाले, "अथेन्सच्या सभेत युद्धाचा निर्णय असा हात वर करून घ्यायचे, ते यांना दाखवत होतो. या पुन्हा पुन्हा विचारत होत्या."

"आणि बायकांका मत नाय होता म्हणे," खोक्यावर बसलेली एक म्हातारी म्हणाली. "म्हणानच युद्धा केली मेल्यांनी."

जावयावर ओरडता येत नाही. मी सुलूबायवर ओरडलो. "तुका दिसत होता, तर सांगूक काय झाला?"

"चाळीस वर्सां तुमी माका पिळल्यात," ती शांतपणे म्हणाली. "माका एक सांज तरी मिळूक नको?"

त्या भावात दोन सुरमया आल्या असत्या. जावयांनी जेवताना चार तुकड्या खाल्ल्या आणि पाठ का फिरवायची, हे वहीत लिहून घेतलं.

पुढे त्यांचा प्राचीन आणि आजच्या मासळीबाजारांवर लेख छापून आला. तळटीप अशी: 'मालवण किनाऱ्यावर एक व्यापारी मासळीकडे पाठ करून बोली लावतो. त्यामुळे तो आपल्याच घरच्या माणसाविरुद्ध भाव चढवू शकतो.'

माझं नाव त्यांनी आदराने गाळलं आहे. मालवणात ते छापायची गरजही नव्हती.